कामलेचा रुग्ण आणि स्वादुपिंडाचे शीर



काविळीचा रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो तेव्हा निदान तो स्वतःच करून आलेला असतो. डोळे पिवळे, लघवी पिवळी, तोंडाला चव नाही, आणि गळ्यात बहुधा काड्यांची माळ. आमच्या शेंदूरजनाघाट परिसरात आणि एकूणच वऱ्हाडात असा रुग्ण सरळ वैद्याकडे क्वचितच येतो. आधी कुणाकडे तरी चुन्याच्या पाण्यात हात धुऊन झालेले असतात, नाकात देवडांगरीचे थेंब पडलेले असतात, घरात हळद आणि तेल बंद होऊन उसाचा रस सुरू झालेला असतो. (पिवळा रोग झाला म्हणून पिवळी हळद बंद, हे तर्कशास्त्र मला आजही थक्क करते.) मग तो आपल्याकडे येतो आणि आपण सवयीने आरोग्यवर्धिनी, फलत्रिकादी क्वाथ, भुईआवळी, कुटकी लिहून देतो. आठ-दहापैकी सात-आठ रुग्ण बरे होतात. ते आपल्या औषधाने बरे होतात की दूषित पाण्यातून आलेली विषाणुजन्य कावीळ आपल्या गतीने ओसरते, हा प्रश्न आपण स्वतःला फारसा विचारत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र उरलेले दोन-तीन रुग्ण हा आहे.

माझे स्पष्ट मत असे की, कामलेच्या रुग्णाला मळाचा रंग विचारल्यावाचून औषधाची चिठ्ठी लिहू नये. आणि त्या उत्तराचा अर्थ लावण्यासाठी यकृत, पित्तमार्ग व स्वादुपिंड यांची प्रत्यक्ष रचना वैद्याच्या डोळ्यांपुढे असावी. हे मत मी पुस्तकातून काढलेले नाही.

काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेले एक संत्रा बागायतदार माझ्याकडे आले. ताप नव्हता, पोटात दुखत नव्हते. अंगाला खाज फार सुटे, रात्री झोप नसे. आठ-नऊ महिन्यांपूर्वी मधुमेह नव्याने निघाला होता आणि वजन उतरले होते. ते मधुमेहामुळे, असे त्यांनी आणि मीही धरून चाललो. मी तीन आठवडे औषध दिले. पिवळेपणा वाढत गेला, तसा मी क्वाथाची मात्रा वाढवत गेलो. मळाचा रंग मी विचारला नाही. शेवटी अमरावतीला सोनोग्राफी झाली. पित्तनलिका फुगलेली, पित्ताशय ताणलेले. नागपूरच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या शीर्षभागात गाठ दिसली, ती शेजारच्या रक्तवाहिन्यांना भिडलेली होती. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. नलिकेत स्टेंट बसवून पित्ताला वाट करून दिली, खाज थांबली, काही महिने बरे गेले. माझ्या तीन आठवड्यांनी फरक पडला असता की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही. या रोगात निदानाच्या वेळी शस्त्रक्रिया शक्य असणारे रुग्ण साधारण १५ ते २० टक्केच असतात. परंतु ज्या माणसाने माझ्यावर विश्वास टाकला त्याला मी एक प्रश्न विचारला नाही, हे खरेच राहते.

आता तो प्रश्न एवढा मोलाचा का, हे पाहू.

रक्तकणाचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. जुने कण मुख्यतः प्लीहेत मोडतात आणि त्यांच्यातील रंजक द्रव्यापासून रोज सुमारे २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार होते. हे पाण्यात विरघळत नाही; रक्तातील अल्ब्युमिनच्या पाठीवर बसून ते यकृताकडे येते. यकृतातील पेशी त्याला ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देऊन विद्राव्य करतात आणि पित्तात सोडतात. पित्त आतड्यात उतरले की तेथील जिवाणू त्याचे रूपांतर करतात व मळाला त्याचा नेहमीचा पिवळसर तपकिरी रंग येतो. थोडा अंश पुन्हा शोषला जाऊन मूत्रात उतरतो. म्हणजे मळाचा रंग हा यकृतापासून आतड्यापर्यंतची वाट मोकळी असल्याचा रोजचा दाखला आहे. वाट बंद झाली की मळ पांढुरका होतो आणि विद्राव्य झालेले बिलिरुबिन उलट रक्तात येऊन मूत्र गडद करते.

ती वाट कोठून जाते? यकृताचे वजन प्रौढात सुमारे सव्वा ते दीड किलो. त्याच्या दोन्ही खंडांतून येणाऱ्या नलिका एकत्र होतात, त्यांना पित्ताशयाची नलिका मिळते आणि सात-आठ सेंटिमीटर लांबीची सामाईक पित्तनलिका तयार होते. ही नलिका ग्रहणीच्या पहिल्या भागामागून खाली उतरते आणि पुढे स्वादुपिंडाच्या शीर्षभागाच्या मागील खोबणीतून, बहुतेकांत तर त्याच्या मांसातूनच जाते. तेथे स्वादुपिंडाची मुख्य नलिका तिला भेटते व दोघी एकाच मुखाने ग्रहणीच्या दुसऱ्या भागात उघडतात. रोज अर्धा ते एक लिटर पित्त आणि एक ते दीड लिटर स्वादुरस या एका चिमुकल्या दारातून अन्नावर पडतो. पचनाच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे. आमाशयातून आलेले आम्ल अन्न, त्यावर स्वादुपिंडाचा क्षारधर्मी रस आणि स्नेहाचे विभाजन करणारे पित्त, तिन्ही एकाच ठिकाणी येतात. ग्रहणीला अग्नीचे अधिष्ठान म्हणणाऱ्या आचार्यांना ही जागा बरोबर सापडली होती, एवढे तरी मान्य करावेच लागेल.

पण याच सोयीत धोका दडलेला आहे. पित्ताशयातील लहानसा खडा घसरून त्या सामाईक दारात अडकला तर कावीळ होते आणि स्वादुपिंडाचा दाहही होऊ शकतो. स्वतःलाच पचवू लागलेले स्वादुपिंड काय करते ते ज्यांनी पाहिले आहे ते विसरत नाहीत. आणि स्वादुपिंडाच्या शीर्षात गाठ वाढली तर ती यकृताला हातही न लावता कावीळ करते. यकृत निर्दोष, दोष शेजाऱ्याचा! अशा रुग्णाला कितीही उत्कृष्ट यकृतोत्तेजक द्या, आपण बंद नळाला वरून अधिक पाणी सोडत असतो. खड्याने वारंवार सुजलेले पित्ताशय बहुधा जाड व आकसलेले असते, फुगत नाही. म्हणून वेदनारहित काविळीत उजव्या बरगडीखाली पित्ताशय हाताला लागले तर खड्यापेक्षा गाठीची शंका अधिक, हे निरीक्षण कूर्व्हॉझिए या शल्यविशारदाने १८९० साली नोंदवले. त्यासाठी यंत्र लागत नाही, उदरपरीक्षण लागते. आपण ते करतो का?

खेदाची गोष्ट ही की, हा भेद आपल्या संहितेत असताना आपण चुकतो. चरकाचार्यांनी पांडुरोगचिकित्सेत कामलेचे कोष्ठाश्रित व शाखाश्रित असे दोन मार्ग स्पष्ट सांगितले आहेत. दुसरीत कफाने पित्ताचा मार्ग रोधला जातो, पित्त कोष्ठात न उतरता शाखांत पसरते आणि मळ वाटलेल्या तिळासारखा पांढुरका होतो. तिळाची उपमा वऱ्हाडातल्या कोणत्याही घरात समजावून सांगावी लागत नाही. चिकित्साही उलट आहे. कोष्ठाश्रित कामलेत तिक्त द्रव्यांनी मृदू विरेचन. शाखाश्रितात मात्र प्रथम कटू, तीक्ष्ण, उष्ण, आम्ल द्रव्ये, पित्त स्वस्थानी येईपर्यंत, आणि त्यानंतर नेहमीचा उपक्रम. ते स्वस्थानी आले हे ओळखायचे कशावरून? मळाला रंग येण्यावरून. उपचाराचा टप्पा ठरविण्यासाठी मळाचा रंग हेच मापक सांगणारा ग्रंथ आपल्याजवळ आहे, आणि आपण पहिल्या दिवशी सगळ्यांना कुटकी लिहितो!

तथापि येथे एक गोष्ट प्रांजळपणे मांडली पाहिजे. मार्गरोध कशाचा आहे हे केवळ मळाच्या रंगावरून कळत नाही. विषाणुजन्य यकृतशोथातही काही दिवस मळ पांढुरका होतो, कारण यकृताच्या आतील सूक्ष्म पित्तवाहिन्याच तुंबतात. तेथे आपला शाखाश्रितक्रम करून पाहण्यास जागा आहे. खडा किंवा गाठ असेल तेथे त्रिकटू आणि महाळुंगाचा रस दिल्याने फक्त दिवस जातात. हा भेद आज सोनोग्राफी करते आणि तालुक्याच्या ठिकाणी ती उपलब्ध आहे. ती करवून घेण्यात वैद्याचा कमीपणा आहे असे मानणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, सुश्रुताने शव का उघडले?

या शवविच्छेदनावरून आठवले. क्लोम म्हणजे काय, यावर आपल्या नियतकालिकांत आणि परिसंवादांत जेवढी शाई सांडली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या अवयवावर सांडली असेल. चरकांनी १५ कोष्ठांगांत क्लोम मोजले, तालूसह ते उदकवह स्रोतसाचे मूळ सांगितले. सुश्रुतांनी हृदयाखाली उजवीकडे यकृत व क्लोम ठेवले. कोणी त्याला पित्ताशय म्हटले, कोणी उजवे फुप्फुस, कोणी श्वासनलिका, आणि मधुमेहातील तहानेचा धागा धरून कोणी स्वादुपिंड. स्वादुपिंड तर पोटात आडवे पसरलेले, शीर उजवीकडे ग्रहणीच्या वळणात आणि पुच्छ डावीकडे प्लीहेपर्यंत. केवळ उजवीकडचा अवयव असे त्याचे वर्णन कसे करावे? माझे एक अनुमान आहे, ते अनुमान म्हणूनच घ्यावे. सुश्रुतांच्या पद्धतीत शव गवतात गुंडाळून सात दिवस वाहत्या पाण्यात ठेवायचे आणि मग कुंचीने हळूहळू थर काढायचे. स्वादुपिंड हा मृत्यूनंतर आपल्याच पाचक रसाने सर्वांत लवकर विरघळणाऱ्या अवयवांपैकी एक आहे. सात दिवसांनी तेथे पाहण्यासारखे फारसे उरतच नसावे. न दिसलेल्या अवयवाचे वर्णन आचार्यांनी केले नाही, यात त्यांना कसला कमीपणा? पाश्चात्त्यांनाही या अवयवाची नलिका विर्सुंगने पादुआ येथे १६४२ साली दाखवली तेव्हा कळली, पेशींची बेटे लांगरहान्सने १८६९ साली पाहिली, आणि स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे १८८९ साली मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी दाखवून दिले. तेव्हा क्लोमाला स्वादुपिंडाच्या आसनावर बसवण्याचा हट्ट सोडून, स्वादुपिंड हे आपल्या शारीरात नव्याने शिकायचे अंग आहे असे सरळ मान्य करावे. इन्शुलिन देणाऱ्या पेशींचा भाग त्यात अवघा एक-दोन टक्के आहे. साठीच्या माणसात, घराण्यात मधुमेह नसताना, नव्याने साखर वाढते आणि वजन उतरते तेव्हा स्वादुपिंडाच्या उरलेल्या भागाचाही विचार करावा, हे मला तो रुग्ण गेल्यावर सुचले.

कावीळ आणि वऱ्हाड म्हटल्यावर सिकलसेलचा उल्लेख टाळता येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी व्यवसाय करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाकडे मेळघाटातून किंवा पलीकडच्या मध्य प्रदेशातून आलेले मजूर, त्यांची मुले येतात. डोळे पिवळे, चेहरा फिका, सांधे दुखतात, वर्षातून दोनदा "कावीळ" होते. येथे यकृत दोषी नाही आणि वाटही बंद नाही. रक्तकण अकाली मोडत असल्याने बिलिरुबिनचा पुरवठाच वाढलेला असतो. ते अविद्राव्य असल्याने मूत्रात उतरत नाही आणि मळाचा रंग उलट गडद असतो. पांडूच्या पाठीवर येणारी कामला ती हीच. अशा मुलाला तीक्ष्ण विरेचन देणे म्हणजे शरीरातील पाणी घालवून वेदनेच्या झटक्याला आमंत्रण देणे होय. शिवाय याच मुलांत कोवळ्या वयात पित्ताशयात खडे होतात आणि एक दिवस त्यांची कामला खरोखरच रुद्धपथ होते. शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे; तपासणीसाठी रुग्ण पाठवण्याचे काम आपण सहज करू शकतो.

आता औषधी दुकानदार मित्रांसाठी दोन शब्द, थोडे कडू.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त प्रतिहारिणी सिरेतून, म्हणजे आतड्यातून येते. तोंडावाटे घेतलेले प्रत्येक औषध, ॲलोपॅथीचे असो की आपले, सर्व शरीराआधी यकृतापुढे हजर होते. ते 'नैसर्गिक' आहे की नाही हे यकृत विचारत नाही. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचे काढे उकळले. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांतील यकृतशोथाची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी जुलैत आक्षेप घेतला की, वापरलेली वनस्पती गुळवेलच होती हे तपासलेले नाही, ती टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीणही असू शकते. पुढच्या वर्षी १३ केंद्रांतील ४३ रुग्णांची नोंद आली. वादात कोण किती बरोबर, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. मंत्रालयाचा आक्षेप मान्य केला तर त्याचा अर्थ आपल्यासाठी अधिक गंभीर होतो; बाजारात गुळवेल म्हणून दुसरीच वेल विकली जाते, असा तो कबुलीजबाब आहे! क्रिस्पाच्या खोडावर गाठीगाठींचे उंचवटे ठळक असतात. ओली काडी दारात येते तेव्हा ती पाहून घेणारे आपल्यात किती? चूर्ण झाल्यावर तर ब्रह्मदेवही ओळखणार नाही.

आरोग्यवर्धिनीचेही तसेच. तिच्यात कुटकीचा भाग मोठा, हे सर्वांना पाठ असते. पारद, गंधक, लोह, अभ्रक यांसह ताम्रभस्मही असते, हे दुकानात काउंटरवरून ती देताना आठवत नाही. यकृतात जन्मतः तांबे साचण्याचा विल्सन नावाचा आजार मुलांत व तरुणांत काविळीच्याच रूपाने प्रकट होऊ शकतो. कमी वयातील वारंवार होणाऱ्या काविळीला ताम्रकल्प देण्याआधी एवढा विचार व्हावा. या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असे छापलेले असते, ते वाचायचे कोणी? 'यकृताचे टॉनिक' मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला दुसरी बाटली देताना दुकानदाराने डोळ्यांत पाहावे, आणि डोळे पिवळे असतील तर बाटली ठेवून वैद्याचा पत्ता द्यावा. एक बाटली कमी खपेल. पित्ताशयातील खडे विरघळवण्याची आणि मधुमेह बरा करण्याची पाटी लावणाऱ्यांनी १९५४ चा जाहिरातविषयक कायदा एकदा वाचावा. त्याच्या अनुसूचीत ही दोन्ही नावे आहेत. आणि औषधाने कुणाला त्रास झाला असे वाटले तर ते कळवण्यासाठी आयुषची औषधदक्षता व्यवस्था २०१८ पासून चालू आहे. तेथे कळवणे म्हणजे आपल्या शास्त्राशी द्रोह, ही भावना मला अजिबात पटत नाही.

पंचकर्म करणाऱ्यांना एक सूचना. पित्त आतड्यात उतरले नाही की के जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि काही आठवड्यांत रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. कामलेची खाज पाहून जळवा लावण्याचा मोह होतो. रुद्धपथ कामलेत गोठण्याची तपासणी केल्याशिवाय जळू किंवा सिरावेध नको. जळू सुटल्यावर रक्त थांबत नाही तेव्हा फार धावपळ होते. तसेच कावीळ, उजव्या कुशीत वेदना आणि थंडी वाजून ताप ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर तो रुग्ण त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात गेला पाहिजे. गर्भवतीच्या काविळीचेही तेच. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने आलेल्या हिपॅटायटिस ई च्या साथीने त्याची आठवण करून दिली होती. हा विषाणू इतरांना बहुधा सोडून देतो, शेवटच्या तिमाहीतील स्त्रीला मात्र तो प्राणघातक ठरू शकतो.

संघटनेकडे माझी मागणी लहानशी आहे. अमरावतीचे विदर्भ आयुर्वेद महाविद्यालय किंवा अकोल्याचे तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालय यांच्या शारीर विभागाला विनंती करून व्यवसायातील वैद्यांसाठी वर्षातून एक दिवस विच्छेदनकक्षात ठेवावा. ग्रहणीचे वळण उलटवून त्यातील स्वादुपिंडाचे शीर आणि मागून जाणारी पित्तनलिका एकदा बोटाने चाचपली की तो मार्ग पुन्हा विसरत नाही. मी ती चाचपली होती पहिल्या वर्षात, परीक्षेपुरती.

माझ्या रुग्णपत्रिकेत आता 'मळ: रंग' असा रकाना छापून घेतला आहे. तो भरणे सोपे नाही. "ते कोन पाह्यते जी, डाक्टरसाहेब?" हे ठरलेले उत्तर. मग मी सांगतो, उद्या सकाळी पाहा, परवाही पाहा आणि मला कळवा. दोन आठवडे पांढुरका राहिला, खाज सुटली, वजन उतरले की औषध थांबवून सोनोग्राफी. वयस्क माणसाला दुखत नसेल तर दोन आठवडेही थांबायचे नाही. गेल्या पावसाळ्यात कलमांच्या नर्सरीत काम करणारा एक पोरगा असाच आला होता. ताप येऊन गेलेला, मळ पांढरा, सोनोग्राफीत वाट मोकळी. बाराव्या दिवशी सकाळी साडेसहाला त्याचा फोन आला. "डाक्टरसाहेब, आज पिवयी होऊन रायली जी."